हुकाला बांधलेला धागा

कारखान्यात माझं काम लोकांना नको असलेल्या गोष्टी सांगण्याचं होतं. हेल्मेट घाला, बूट घाला, लटकत्या वजनाखालून जाऊ नका, क्रेनच्या दोराला उगाच हात लावू नका. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्या काढणाऱ्या एका मिलमध्ये मी सुरक्षा अधिकारी होतो. अशा जागेवर शांत डोक्याचा माणूस हवा, आणि मी मूळचा तापट. कोणी उघड्या डोक्याने दिसला की माझा आवाज चढायचा. तो माणूस तेवढ्यापुरतं हेल्मेट घालायचा आणि मी वळलो की ते काढून त्यात शेंगा ठेवून खायला बसायचा. पाठीमागे मला ‘टोपी’ म्हणत. ‘टोपी आली’ असं कोणीतरी पुटपुटलं की सगळं शेड दोन मिनिटं नियमाने वागायचं. मला ते ऐकू यायचं, रागही यायचा, पण नियम पाळला जातोय ना, मग म्हणेनात का, अशी मी स्वतःची समजूत घालायचो.

मला लिहायचं आहे ते दुरुस्तीच्या शेडबद्दल. तापून लाल झालेलं लोखंड ज्यांच्यामधून दाबून काढतात ते रोल झिजले की या शेडमध्ये आणत, लेथवर त्यांना पुन्हा खाचा पाडत आणि परत मिलमध्ये नेत. एकेक रोल म्हणजे आडव्या पडलेल्या माणसाएवढा, भरीव लोखंडाचा ओंडका. दहा जणांनी जोर लावला तरी तो जागचा हलत नाही, त्यामुळे सगळी भिस्त डोक्यावरच्या क्रेनवर. दोन्ही भिंतींवरून रूळ, रुळांवर आडवा गर्डर, गर्डरवर मोटर, मोटरीतून खाली आलेला तारेचा दोर आणि त्याच्या टोकाला हुक. एकजण बटनांचा डबा हातात धरून खालून चालत क्रेन चालवतो. दुसरा रोलला बेल्ट घालतो, बेल्ट हुकात अडकवतो आणि वर-खाली करायच्या खुणा करतो. बटनं पहिल्याच्या हातात असली तरी क्रेन चालते ती दुसऱ्याच्या शब्दावर.

आमच्याकडे हे दुसरं काम मिस्त्रींकडे होतं. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातला माणूस. शेती भावाने सांभाळली आणि हे तरुणपणी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या गव्हाणीवर गेले. उसाची अख्खी मोळी हवेत उचलणारी क्रेन त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिली आणि दोन हंगाम तिच्यापाशीच राहिले. मग जालन्याला आले ते हुकाजवळून हललेच नाहीत. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे होते, तरी मला साहेब म्हणत. बोलणं मोजकंच. क्रेन चालू असताना तर दोनच शब्द, ‘हबेस’ म्हणजे वर आणि ‘आरिया’ म्हणजे खाली. हे शब्द कुठून आले ते शेडमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, मिस्त्रींनाही नाही. त्यांच्या उस्तादांनी ते त्यांच्या कानावर घातले होते, तेवढंच.

त्यांची एक सवय होती. वजन कितीही किरकोळ असो, आधी वीतभर उचलायला लावायचे आणि हात उभा करून थांबवायचे. मग रोलखालच्या त्या वीतभर जागेशी तळहात न्यायचे, ओठातल्या ओठात समर्थांचं नाव घ्यायचे, दोन्ही बेल्टवरून नजर फिरवायचे आणि नंतरच पुढचं ‘हबेस’. दर रामनवमीला ते जांब समर्थला जात, आणि ही वीतभर थांबण्याची सवय त्या भक्तीतूनच आली असावी असं सगळे धरून चालत. मी एकदा त्यांना सांगितलं की आमच्या सुरक्षेच्या पुस्तकातही हेच लिहिलं आहे, आधी थोडं उचला, थांबा, बघा.

“पुस्तकात बी हाय का?” ते म्हणाले. “मंग पुस्तक बराबर हाय.”

शेडमध्ये मी ज्यांच्यावर कधी ओरडलो नाही असा हा एकच माणूस. ओरडायला त्यांनी कधी कारणच दिलं नाही.

खंडेनवमीला सगळी मिल धुऊन-पुसून निघायची. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगची यंत्रं, झाडून सगळ्यांना हळदकुंकू. क्रेनचा हुक छातीच्या उंचीवर आणून थांबवत. मिस्त्री तो आधी डिझेलने, मग कोरड्या फडक्याने पुसत, त्याला गंध लावत, झेंडूची माळ घालत आणि शेवटी लाल-पिवळा पूजेचा धागा गुंडाळत. नारळ मॅनेजर फोडायचे. पेढे वाटले जायचे, मी एक पेढा खाऊन दुसरा खिशात टाकायचो. माझ्या मनात या सगळ्याबद्दल फार आस्था नव्हती. घरी आई करायची तेही मी हसण्यावारी न्यायचो.

हुकाच्या तोंडाशी स्प्रिंगची एक पट्टी असते. बेल्ट आत घातला की ती आपोआप मिटते, आणि वजन टेकून बेल्ट सैल पडला तरी तो बाहेर निसटू देत नाही. तळहाताएवढी पण नसेल ती पट्टी, पण हुकाचं सगळं शहाणपण तिच्यात असतं. दर वर्षी मिस्त्री धागा हुकाच्या मानेभोवती गुंडाळत, तिथे त्याचा कोणाला त्रास नव्हता. त्या वर्षी झेंडू स्वस्त होता की काय, माळ मनगटाएवढी जाड आली. ती घसरायला लागली म्हणून त्यांनी धागा पट्टीवरून फिरवला, मागे ओढला आणि मानेशी गाठ मारली. माळ चार दिवसांत सुकली आणि कोणीतरी ती काढून टाकली. धागा राहिला, आणि त्याने मागे ओढून धरलेली पट्टीही तशीच राहिली. हुकाचं तोंड उघडं पडलं.

दसऱ्यानंतर आठवड्याभराने माझी महिन्याची तपासणी होती. क्रेनसाठी एक छापील कागद असायचा. दोर, ब्रेक, बटनं, साखळ्या असं ओळीने बघत जायचं आणि प्रत्येक ओळीपुढे ‘ठीक’ किंवा ‘दुरुस्ती हवी’ लिहायचं. सहावी ओळ हुकाच्या पट्टीची होती. ‘दुरुस्ती हवी’ लिहिलं की दुरुस्ती होईपर्यंत क्रेन बंद, असा नियम त्याच कागदाच्या तळाशी छापलेला होता. मी हुक खाली आणायला सांगितला आणि मला ते दिसलं.

“मिस्त्री, पट्टी उघडी राहिली आहे. धागा सोडा.”

“गाठ लई घट बसली साहेब, सुटत न्हाई.”

“मग कापा.”

“पूजेचा धागा कापत न्हाईत. आपोआप गळला पायजे. दिवाळीपस्तोर गळून जाईल बगा.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपस्तोर मी हाय ना.”

मी खिशातून कटर काढलं. आजूबाजूला पाच-सहाजण होते, त्यांचे हात थांबले. मिस्त्री कटरकडे बघत राहिले. आदल्याच दिवशी मी वेल्डिंगच्या चष्म्यावरून एकाशी भांडलो होतो, ते प्रकरण मॅनेजरपर्यंत गेलं होतं आणि मलाच चार शब्द ऐकावे लागले होते. आता एका धाग्यावरून पुन्हा तेच करायचं माझ्या जिवावर आलं. मी कटर परत खिशात घातलं आणि म्हणालो, “मी तुम्हाला कापा म्हणून सांगितलं आहे, लक्षात ठेवा.” हे मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

मग टेबलाशी जाऊन कागद भरला. ‘दुरुस्ती हवी’ लिहिलं असतं तर क्रेन थांबली असती, क्रेन थांबली की रोल थांबले असते, आणि दुपारच्या आत मॅनेजरनी मला बोलावून विचारलं असतं की एका धाग्यापायी मिल बंद पाडायची काय. म्हणून सहाव्या ओळीपुढे मी ‘ठीक’ लिहिलं आणि सातव्या ओळीवर गेलो. त्या वेळी मला फार काही वाटलं नाही. मिस्त्री आहेत ना, असंच मलाही वाटलं होतं.

दिवाळी झाली. धागा गळला नाही. हुकावरचं वंगण पिऊन तो काळा आणि कडक झाला होता, आता तो ओळखूही येत नव्हता. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी शेडच्या दारात उभा होतो, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

रोलला दोन बेल्ट घातले होते, दोन टोकांना. बेल्टच्या टोकाला शिवलेला फेरा असतो, त्याला डोळा म्हणतात. दोन्ही डोळे हुकात होते. मिस्त्रींनी वीतभर उचलायला लावलं, हात उभा केला. रोल एका बाजूला कलला होता. त्यांनी ‘आरिया’ म्हटलं, रोल खाली टेकला, बेल्ट सैल पडले. ते वाकून एक बेल्ट सरकवत असताना दुसऱ्याचा डोळा हुकाच्या टोकावर चढला आणि तिथेच राहिला, हे दारातून मलाही दिसलं नाही, नंतर उलगडलं. पट्टी मिटलेली असती तर तो टोकापर्यंत पोहोचलाच नसता. मिस्त्री उठले आणि त्यांनी ‘हबेस’ म्हटलं. रोल वीतभर वर आला. त्यांनी हात उभा केला, नेहमीप्रमाणे थांबवला, तळहात खाली नेला, बेल्टवरून नजर वर जाऊ लागली आणि त्यांना टोकावरचा डोळा दिसला. बटनवाला त्यांच्या शेजारीच होता. त्यांनी डाव्या हाताने त्याला मागे ढकललं आणि स्वतःही मागे सरले, पण एक पाय जरा उशिरा निघाला. डोळा निसटला. रोलचं ते टोक वीतभरावरून खाली आलं आणि बुटाच्या लोखंडी टोकाच्या जरा मागे बसलं.

ते ओरडले नाहीत. खाली बसले, पाय रोलखाली. सगळे धावले, एकजण हातानेच रोल ढकलायला लागला. मिस्त्री म्हणाले, “हात नका लावू. डोळा आत बसवा.” कोणीतरी निसटलेला बेल्ट पुन्हा हुकात घातला. “आत बसला का? नीट बगा. घाई बिलकुल नको.” त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि आवाज रोजचा होता. “आता हबेस. वीतभर उचला आन् थांबा.” वीतभर उचलून थांबवलं आणि बाकीच्यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. स्वतःच्या पायावरचं वजन त्यांनी स्वतःच खुणा करून उचलायला लावलं, आणि मी सुरक्षा अधिकारी असून दारात उभा होतो.

त्यांना गाडीतून नेल्यावर मी हुक खाली घेतला. आधी फोटो काढला, तेवढी शिस्त अंगात होती. मग कटर काढून धागा कापला. पट्टी टक् करून मिटली. कापायला पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. मला माझाच इतका राग आला की ते कटर मी भिंतीवर फेकून मारलं.

पावलाची हाडं मोडली होती आणि दोन बोटं काढावी लागली. मॅनेजर म्हणाले, “देव तारी त्याला कोण मारी. वीतभरावरून पडलं म्हणून निभावलं.” मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, “आता रिपोर्ट नीट लिहा. धागा कोणी बांधला?”

“मिस्त्रींनी.”

“मग तसंच लिहा. पूजा काही कंपनीने करायला सांगितली नव्हती.”

त्या पूजेचा नारळ त्यांनीच फोडला होता. मी हे त्यांना बोललो नाही. टेबलाशी बसून लिहिलं, हुकाला धागा बांधल्यामुळे पट्टी उघडी राहिली, धागा सदर कामगाराने बांधला होता, सुरक्षा अधिकाऱ्याने धागा कापण्याची सूचना तोंडी दिली होती ती पाळली गेली नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तपासणीचा कागद माझ्याच कपाटात, माझ्याच फाइलमध्ये होता. तो कोणी मागितला नाही, मीही काढला नाही.

दवाखान्यात गेलो तेव्हा मिस्त्रींचा पाय उशांवर उंच ठेवलेला होता. मला बघून ते उठायला लागले, मी त्यांना दाबून निजवलं.

“साहेब, माझीच चूक लिवा,” ते म्हणाले. “तुमी सांगितल्तं कापा म्हणून. समद्याच्या म्होरं सांगितल्तं. म्या ऐकलं न्हाई.”

“राहू द्या आता ते.”

“एक काम करा माझं. पाय बरा झाला की मला हुकावरच येऊ द्या. दोन वर्षं राह्यली रिटायर व्हायला. हुकावरूनच घरी जातो.”

मी बघतो म्हणालो. हा शब्द आपण किती सहज देतो.

मॅनेजरकडे विषय काढला तर ते म्हणाले, “ज्याच्या चुकीने अपघात झाला त्याला पुन्हा हुकावर? उद्या सरकारी तपासणी आली तर कागदावर काय दिसेल? तुमचाच रिपोर्ट आहे.” ते बरोबरच होतं. कागदावर मिस्त्री दोषी होते आणि कागद माझ्या अक्षरातला होता. पाय बरा झाल्यावर मिस्त्रींना शेडच्याच कोपऱ्यातल्या स्टोअरमध्ये बसवलं. नटबोल्ट, बेअरिंग, पुसायचा चिंध्यांचा गठ्ठा, हे खिडकीतून द्यायचं आणि वहीत सही घ्यायची. माणूस मोडक्या पायाने काय हुकावर उभा राहणार, असंही काहीजण म्हणाले, पण पाय मोडका नव्हता, चाल जरा लंगडी झाली होती इतकंच.

गंमत अशी की माझा भाव वधारला. मिस्त्री भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते की टोपीने सांगितलं होतं, आपण ऐकलं नाही. ते टोपी म्हणत नसत, साहेब म्हणत. शेडमध्ये मी न ओरडताच लोक हेल्मेट घालायला लागले. चहाच्या टपरीवर एकाने मला माझ्या चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. नऊ वर्षं घसा फोडून जे झालं नव्हतं ते एका अपघाताने झालं, आणि ते ज्या माणसाच्या तोंडून झालं तो खिडकीत बसून चिंध्या वाटत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. सगळे मान देत होते आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. दोनदा मी फाइल काढून तो कागद बघितला, सहाव्या ओळीपुढचं माझं ‘ठीक’ बघितलं आणि परत ठेवला. फाडलाही नाही आणि कोणाला दाखवलाही नाही.

हुकावर नवा माणूस आला, चलाख होता. वीतभर उचलून थांबायचं त्याला पटत नसे. “टाइम जातो साहेब,” म्हणायचा. मी उभा असलो तर थांबायचा, मी गेलो की एका दमात वर. मी त्याच्यावर भरपूर ओरडलो, पालथ्या घड्यावर पाणी. क्रेनच्या मोटरचा आवाज सुरू झाला की स्टोअरच्या दारात मिस्त्री येऊन उभे राहत. रोल वीतभर वर आला की त्यांचा हात कंबरेपाशी थोडासा उठायचा. कोणाला दिसू नये इतकाच. मला दिसायचा, कारण मी रोलकडे न बघता त्यांच्याकडेच बघत असायचो.

पुन्हा खंडेनवमी आली. मी आधीच सूचनेचा कागद लावला होता, हुकाला, दोराला, साखळीला काहीही बांधायचं नाही, पूजा खांबापाशी करायची. वाटलं होतं कुरबुर होईल, पण कोणी चकार शब्द काढला नाही. पूजेचं तबक घेऊन स्टोअरमधून मिस्त्रीच आले, लंगडत. हुकाला गंध लावलं, फूल खांबाशी ठेवलं, हात जोडले. नारळ मॅनेजरनी फोडला. पेढे फिरायला लागले तेव्हा मिस्त्री हातात धागा घेऊन माझ्याकडे आले.

“हात द्या साहेब.”

“माझा कशाला?”

“हुकाला बांधायचा न्हाई म्हणता. मंग ज्यानं सांगितल्तं त्यालाच बांधतो.”

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तीन वेढे दिले आणि गाठ मारली. ज्या हाताने मी कागद भरतो तोच हात होता. त्यांचं डोकं खाली होतं, केस पांढरे झाले होते, आणि मला ते सहन होईना.

“मिस्त्री, त्या महिन्याच्या कागदावर मी ठीक लिहिलं होतं.”

“कोणत्या कागदावर?”

“क्रेनच्या. तुम्हाला कापा म्हणालो आणि टेबलाशी जाऊन पट्टी ठीक आहे असं लिहिलं. दुरुस्ती हवी लिहिलं असतं तर क्रेन तेव्हाच थांबली असती. तो कागद मी कोणाला दाखवला नाही.”

धाग्याची दोन्ही टोकं त्यांच्या बोटांत होती. मागे कोणीतरी पेढ्याच्या खोक्यावरून हसत होतं.

“म्हंजी तुमाला बी ठाऊक व्हतं, मला बी ठाऊक व्हतं,” ते म्हणाले.

“हो.”

“आन् सालभर म्या एकलाच बसून राह्यलो तिथं.”

त्यांनी टोकं पुन्हा एकमेकांत घातली.

“मंग अजून एक गाठ मारतो,” ते म्हणाले, आणि इतकी ओढून मारली की धागा कातडीत रुतला. “ही कापू नका.”

तबक उचलून ते स्टोअरमध्ये गेले.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी मी तो कागद घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्यांनी वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, आणि मी भलत्याच वेळी पूजेचं तबक घेऊन दारात आलोय असं माझ्याकडे पाहिलं.

“सालभराने? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ माझी आहे,” मी म्हणालो. “मीच उघडतोय.”

ते चिडले, मीही चिडलो, आवाज बाहेरपर्यंत गेले. पण कागद एकदा टेबलावर आला की तो नाही असं करता येत नाही. मी पुरवणी अहवाल लिहिला. पट्टी उघडी असल्याचं सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः पाहिलं होतं, क्रेन थांबवण्याचा अधिकार आणि जबाबदारी त्याची होती, त्याने कागदावर ठीक असा शेरा दिला. आणि सदर कामगाराने वजन वीतभर उचलून थांबवल्यामुळेच बटनं चालवणाऱ्याचा जीव वाचला. शेवटचं वाक्य पहिल्या अहवालातही लिहिता आलं असतं. मला मेमो मिळाला. माझ्या एकट्याच्या सहीवर तपासणी चालणार नाही, दुसरी सही लागेल, असंही ठरलं. दोन दिवसांत शेडमध्ये ‘टोपी उडाली’ हा विनोद फिरत होता. एकाने परत हेल्मेटमध्ये शेंगा ठेवल्या आणि मला ऐकू जाईल अशा फोडल्या. मला वाईट वाटलं, पण जेवण पुन्हा गोड लागायला लागलं हेही खरं.

दुसरी सही कोणाची, असं मॅनेजरनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, जो हुक वापरतो त्याची. ते माझ्याशी वाद घालून इतके कंटाळले होते की बरं म्हणाले. डॉक्टरचं पत्र, अर्ज, शिक्के यात महिना गेला आणि मिस्त्री हुकावर परत आले. रिटायर व्हायला वर्ष राहिलं होतं.

धागा मनगटावर होताच. हळदीचा पिवळा रंग गेला, लालही मळला. बायको म्हणाली, “अहो, घाण झालाय तो, कापून टाका ना.” मी म्हणालो, आपोआप गळू दे. ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. एवढ्या वर्षांत असलं काही माझ्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं.

ते परत आले त्या दिवशी महिन्याची तपासणी मी मुद्दाम सकाळीच ठेवली. पाच ओळी झाल्या. सहावीला मिस्त्रींनी हुक छातीशी आणवला, अंगठ्याने पट्टी आत दाबली आणि सोडली. टक् आवाज झाला. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा सोडली.

“आता लिवा,” ते म्हणाले.

मी ‘ठीक’ लिहिलं. त्यांनी खाली सही केली, अक्षर लावून लावून, आणि पेन मला परत दिलं. पहिला रोल तयारच होता. दोन्ही बेल्ट घातले, डोळे हुकात बसवले, पट्टी मिटली. ‘हबेस’ म्हणाले. रोल वीतभर वर आला आणि त्यांचा हात उभा राहिला. तळहात खाली गेला, ओठ हलले, नजर एका बेल्टवरून दुसऱ्यावर गेली. एरवी तिथून ती हुकाकडे जायची. त्या दिवशी आधी माझ्या मनगटाकडे आली. दोन्ही गाठी जागेवर आहेत हे त्यांनी बघून घेतलं आणि मगच वर पाहिलं.